फोनवर डॉक्टर आहेत, पण रुग्णाजवळ कोण आहे?

दिवाळी उलटून आठवडा झाला असेल. सकाळच्या गर्दीत साठी ओलांडलेल्या एक आजीबाई नातवाचा हात धरून दवाखान्यात आल्या. उजव्या पायाला जुन्या लुगड्याच्या चिंधीची पट्टी होती. पट्टी सोडताच वास आला आणि काय झाले असावे ते ध्यानात आले. अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते, पाऊल सुजून लाल झाले होते.

"आजी, इतके दिवस काय केलंत?"

"दुखतच नव्हतं बघा डॉक्टरसाहेब. चप्पल लागली होती नुसती. दुखलं असतं तर आले नसते का?"

नातू कॉलेजात शिकणारा, समजूतदार मुलगा. त्याने खिशातून मोबाईल काढून दाखवला. दहा दिवसांपूर्वी आजीने गावाहून शेजारच्या मुलाकरवी पायाचा फोटो त्याला पाठवला होता. याने तो पुढे एका मोबाईल सेवेवरच्या डॉक्टरांना पाठवला आणि त्यांच्याशी बोलणेही केले. डॉक्टरांनी मलम व पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. "मधुमेह आहे का?" हे त्यांनी विचारले होते. नातवाने "नाही" असे सांगितले, कारण आजीची साखर कधी कोणी तपासलीच नव्हती. आम्ही तपासली तेव्हा ती तीनशेच्या वर निघाली.

बोट काढावे लागले. पाय वाचला.

वाचकांनी विचार करावा, यात चूक कोणाची? डॉक्टरांनी योग्य तो प्रश्न विचारला होता. नातवाने त्याला ठाऊक होते तेवढे प्रामाणिकपणे सांगितले. मात्र तो बोलत होता तालुक्याच्या गावातून आणि आजी होत्या पंचवीस किलोमीटरवर. त्यांचा पाय हातात घेऊन पाहणारे, तळव्याला स्पर्श केला तर त्यांना कळतो का हे तपासणारे, बोटाच्या टोकावरून थेंबभर रक्त घेणारे त्यांच्याजवळ कोणीच नव्हते. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. खिळा टोचला, चप्पल लागली, चटका बसला तरी कळत नाही. म्हणून मधुमेहात न दुखणारी जखम ही दुखणाऱ्या जखमेपेक्षा जास्त धोक्याची समजावी. फोटोत जखम दिसते, बधिरपणा दिसत नाही.

फोनवरून किंवा पडद्यावरून वैद्यकीय सल्ला घेण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे. ती येऊ नये असे म्हणणारा मी नव्हे. तज्ज्ञ डॉक्टरांसाठी एस.टी.ने शंभर किलोमीटर जायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, सोबत येणाऱ्याचीही बुडवायची आणि तिथे गेल्यावर कळायचे की साहेब आज रजेवर आहेत, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तो फेरा वाचत असेल तर आनंदच आहे. प्रश्न एवढाच की ही सोय कोणाच्या वाट्याला येते, आणि आज आलेली उद्या टिकते का. या दोन प्रश्नांवर जगभर बरेच संशोधन झाले आहे आणि त्यातून आपल्या उपयोगाच्या काही गोष्टी निघाल्या आहेत.

कल्पना जुनीच आहे

पुष्कळांना वाटते की हा प्रकार मोबाईलबरोबर किंवा करोनाच्या साथीत सुरू झाला. तसे नाही. अमेरिकेत बोस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि तिथला लोगन विमानतळ यांच्यामध्ये १९६८ साली टेलिव्हिजनची जोडणी करण्यात आली. अंतर चारेक किलोमीटरचे, पण वाटेत वाहनांची इतकी कोंडी होई की डॉक्टरांना वेळेवर पोहोचता येत नसे. डॉ. केनेथ बर्ड यांनी मग विमानतळावरच्या दवाखान्यातील रुग्ण हॉस्पिटलात बसून पडद्यावर पाहण्यास सुरुवात केली. अशा एक हजार रुग्णांचा अनुभव १९७४ साली प्रसिद्ध झाला.

त्या दवाखान्यात रुग्णाशेजारी प्रशिक्षित परिचारिका उभी असे, ही गोष्ट मात्र सांगताना बहुधा गळून जाते. नाडी ती पाही, पोट ती दाबून पाही, स्टेथोस्कोप योग्य जागी ती धरी. डॉक्टर दूर होते, पण त्यांचे हात रुग्णाजवळ होते, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या देशातही हे काम पंचवीस वर्षांहून जुने आहे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातील अरगोंडा या गावातील टेलिमेडिसीन केंद्राचे उद्घाटन मार्च २००० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते झाले. पाठोपाठ इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडून दिली.

उद्घाटने होतात, पुढे काय?

या क्षेत्रातील सर्वांत बोलकी माहिती १९९५ साली पुढे आली. उत्तर अमेरिकेत १९८६ पूर्वी सुरू झालेल्या टेलिमेडिसीन प्रकल्पांपैकी किती शिल्लक आहेत, याचा आढावा त्या वर्षी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. शिल्लक होता फक्त एक. बाकीचे अनुदान संपले तसे संपले. त्यात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने ॲरिझोनातील आदिवासींच्या वस्तीसाठी गाडीत दवाखाना बसवून केलेला मोठ्या खर्चाचा प्रयोगही होता.

टिकलेला प्रकल्प कॅनडाच्या न्यूफाउंडलंड या बेटावरचा. किनाऱ्याने विखुरलेली कोळ्यांची गावे आणि लांबलचक हिवाळा. तिथल्या मेमोरियल विद्यापीठाच्या डॉ. मॅक्सवेल हाऊस यांनी १९७७ च्या सुमारास उपग्रहावरूनच सुरुवात केली होती. उपग्रहाचा प्रयोग संपल्यावर ते थांबले नाहीत. साध्या टेलिफोनच्या तारांवरून काम चालू ठेवले. काम भागेल अशी सर्वांत साधी आणि सर्वांत स्वस्त वस्तू वापरावी, हे त्यांचे धोरण. त्यामुळे अनुदान आटले तरी तारा बोलत राहिल्या.

आपल्याकडेही एखाद्या रुग्णालयात फडक्याने झाकून ठेवलेला टेलिमेडिसीनचा संच वाचकांपैकी कोणी पाहिला असेल. उद्घाटनाचा फोटो भिंतीवर असतो, यंत्राची वॉरंटी संपलेली असते आणि ते चालवणारा मुलगा कंत्राट संपून घरी गेलेला असतो.

फोन कोणाच्या हातात?

१९७१ साली ज्युलियन ट्युडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी एक निरीक्षण मांडले. खाणकामगारांच्या खेड्यात त्यांनी उभे आयुष्य काढले होते. ज्यांना वैद्यकीय मदतीची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. वैद्यकशास्त्रात याला 'उलट्या सेवेचा नियम' म्हणता येईल. मोबाईल आला म्हणून हा नियम बदलला असे दिसत नाही.

करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० साली, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांत ज्यांना फोनवर किंवा व्हिडिओवर तपासणीची वेळ दिली होती अशा सुमारे दीड लाख रुग्णांची नोंद तपासण्यात आली. वृद्ध, इंग्रजी न बोलणारे आणि गरिबांच्या सरकारी विम्यावर असलेले लोक या तपासणीत मागे पडले. व्हिडिओचा वापर स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि कमी उत्पन्नाचे लोक यांच्यात कमी होता. यांतले बरेच जण नुसत्या फोनवर बोलले. हे अमेरिकेचे. आपले पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. स्वतः वापरता येईल असा मोबाईल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांना डॉक्टरांशी बोलायचे झाले तर आधी नवऱ्याकडे, मुलाकडे किंवा नातवाकडे फोन मागावा लागतो. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, मनाचा कोंडमारा, घरातली मारहाण, हे दुसऱ्याच्या फोनवर आणि दुसऱ्याच्या देखत कसे सांगायचे?

यंत्रेसुद्धा सर्वांना सारखी वागवतात असे नाही. करोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्राने ९२ ते ९६ टक्के प्राणवायू दाखवला तेव्हा रक्तवाहिनीतील प्रत्यक्ष प्राणवायू ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. गडद त्वचेतून प्रकाश वेगळा जातो आणि यंत्राला फसवतो. आपण त्या दोन्ही गटांत मोडत नाही, पण गव्हाळ व सावळ्या रंगाच्या माणसांनी यातून एवढे जरूर घ्यावे की आकडा चांगला दिसत असूनही दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, तर आकड्यावर विसंबून घरी बसू नये.

न्यू मेक्सिकोचा धडा

आता चांगली गोष्ट सांगतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको हे विरळ वस्तीचे, गरीब राज्य. तिथल्या विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा हे भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ काम करीत. 'हिपॅटायटिस सी' या काविळीच्या रुग्णांना त्यांची वेळ मिळायला आठ-आठ महिने लागत आणि शेकडो किलोमीटर गाडी हाकून यावे लागे. त्या काळी या रोगाचे उपचार कठीण होते आणि औषधांचे दुष्परिणामही बरेच होते.

डॉ. अरोरांनी २००३ साली वेगळाच मार्ग धरला. रुग्णांना पडद्यावर बोलावण्याऐवजी त्यांनी खेड्यांतील व तुरुंगांतील डॉक्टरांना दर आठवड्याला पडद्यावर बोलावले. प्रत्येकाने आपापला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञांनी मार्गदर्शन करायचे, इतरांनी ऐकत शिकायचे. उपचार गावातला डॉक्टरच करणार. या प्रकल्पाला 'इको' असे नाव आहे. याचा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. ४०७ रुग्णांपैकी विद्यापीठात उपचार झालेल्यांत ५७.५ टक्के बरे झाले, तर गावांत व तुरुंगांत उपचार झालेल्यांत ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम गावाकडे कमी होते. कैद्यांना आणि खेडुतांना मोठ्या हॉस्पिटलच्या तोडीचे उपचार त्यांच्या जागी मिळाले.

या पद्धतीत ज्ञान गावात मुक्कामाला येते. एका रुग्णापुरता सल्ला मिळाला की संपले, असे होत नाही. गावातला डॉक्टर पुढच्या दहा रुग्णांसाठी शहाणा होतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनेही ही पद्धत २०१४ पासून आपल्याकडे वापरली आहे.

आपल्या गावचे उपकेंद्र

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तिची बांधणी मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेची. तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्याजोगा आहे. एकात आपण घरी बसून आपल्या मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलतो. हा प्रकार एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात आला. दुसऱ्यात आपण गावच्या उपकेंद्रात जातो. पूर्वीचे हे आरोग्यवर्धिनी केंद्र. २०२३ पासून त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आपला रक्तदाब, साखर, ताप, वजन पाहतात, दुखरा भाग तपासतात आणि मग आपल्याला शेजारी बसवून पडद्यावरच्या डॉक्टरांशी बोलतात. सल्ला विनामूल्य असतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्यांतले बहुतांश दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे केंद्रात बसून घेतलेले होते. लाभ घेणाऱ्यांत स्त्रिया ५७ टक्क्यांहून अधिक होत्या आणि ज्येष्ठ नागरिक सुमारे १२ टक्के. वरचा आकडा आठवा: इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के. ज्यांच्या हाती फोन नाही त्या इथे निम्म्याहून अधिक कशा? उपकेंद्रात बायका एरवीही जास्त येतात, हे एक कारण असेलच. पण तिथे फोन सरकारचा, भाषा ओळखीची, समोर बहुधा बाईच बसलेली, आणि पासवर्ड कोणी विचारत नाही, हेही आहेच.

अर्थात उपकेंद्राला कुलूप असेल, वीज गेलेली असेल, सिग्नल झाडावर चढून मिळत असेल किंवा लिहून दिलेले औषध तिथल्या कपाटात नसेल, तर पडद्यावरचे डॉक्टर कितीही हुशार असून उपयोग नाही. ग्रामसभेत रस्त्याइतकीच याचीही विचारणा व्हावी, असे मला वाटते.

मनाच्या आजारांसाठी मात्र साधा फोनही पुष्कळ काम करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. बटणांच्या साध्या फोनवरूनही तो लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

पैशाचा हिशेब

अशी सेवा म्हणजे बचतच बचत, असे जाहिरातीत सांगतात. इंग्लंडने यावर मोठा प्रयोग केला. २००८ पासून तीन भागांत मधुमेह, हृदयविकार आणि फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या ३,२३० रुग्णांना यात घेऊन काहींच्या घरी रक्तदाब, साखर, वजन मोजून डॉक्टरांकडे पाठवणारी यंत्रे बसवली. वर्षभरात यंत्रे असलेल्यांत ४.६ टक्के दगावले, नसलेल्यांत ८.३ टक्के. आकडा आशादायक होता. पण २०१३ साली खर्चाचा हिशेब आला तेव्हा निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळवण्यास ९२ हजार पौंड पडतात असे निघाले. तिथे त्या काळी साधारणतः २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा उपचार परवडणारा मानला जात असे. यंत्रे स्वस्त झाली तर हिशेब बदलेल हे खरे, परंतु नुसते यंत्र आले म्हणजे खर्च उतरला, हा समज त्या प्रयोगाने खोटा पाडला.

बचत होते ती अंतरात. २०२१ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका आढाव्यानुसार अशा एका सल्ल्यामागे वाचणारा कार्बन वायू पाऊण किलोपासून ३७२ किलोपर्यंत असू शकतो. रुग्ण जितका लांबचा, तितकी बचत मोठी. शहरात दोन गल्ल्या सोडून असलेल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून फारसे काही वाचत नाही. मेळघाटातून अमरावती किंवा अक्कलकुव्याहून नंदुरबार असा फेरा वाचला तर घराचा आठवड्याचा किराणा वाचतो.

फोनवर केव्हा भागेल, केव्हा नाही?

इंग्लंडमधील संशोधकांनी फोन किंवा व्हिडिओवरच्या सल्ल्यात रुग्णाला इजा झाली किंवा होता होता टळली अशा ९५ घटनांचा अभ्यास केला. तो २०२३ अखेर प्रसिद्ध झाला. असे प्रसंग एकूण सल्ल्यांच्या मानाने विरळाच, पण जिथे घडले तिथे काही जण दगावले. बहुतेक ठिकाणी दोष सारखाच होता: प्रत्यक्ष तपासायला हवे होते आणि तपासले गेले नाही.

तेव्हा छातीत दुखणे, दम लागणे, पोटात जोराचे दुखणे, गरोदरपणातील कोणताही त्रास, तान्ह्या मुलाचे व अतिवृद्धाचे आजारपण, मधुमेही माणसाच्या पायाची जखम आणि दोन-तीन दिवसांत न उतरणारे दुखणे, यांसाठी प्रत्यक्ष तपासणीच हवी. छातीत कळ आली असता मोबाईलवर डॉक्टर शोधत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. याउलट ठरलेल्या औषधांची फेरतपासणी, रक्ताचे अहवाल दाखवणे, पथ्याची शंका, मोठ्या हॉस्पिटलातून घरी आल्यावरची विचारपूस, ही कामे फोनवर चांगली होतात.

२५ मार्च २०२० रोजी सरकारने या सल्ल्यांसाठी नियम घालून दिले. डॉक्टरांनी आपले नाव व नोंदणी क्रमांक सांगायला हवा. औषधाची चिठ्ठी द्यायला हवी, फी घेतली तर पावती द्यायला हवी. "मला प्रत्यक्ष तपासून घ्यायचे आहे" असे रुग्ण केव्हाही म्हणू शकतो आणि डॉक्टरही तसे सुचवू शकतात. गुंगीची व सवय लागणारी काही औषधे फोनवर लिहून देण्यास मनाई आहे. संगणकाने आपोआप दिलेली औषधाची चिठ्ठीही या नियमांत बसत नाही.

फोन लावण्यापूर्वी जुन्या चिठ्ठ्या व चालू गोळ्यांची पाकिटे समोर घ्यावीत. शक्य तर रुग्णानेच बोलावे. दुसऱ्याने बोलायचे असेल तर त्याने रुग्णाशेजारी बसावे, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला "नाही" म्हणण्याऐवजी "तपासलेले नाही" म्हणावे. या दोन उत्तरांत केवढे अंतर आहे, ते आमच्या आजींच्या नातवाला आता कळले आहे.

आजी महिन्यातून दोनदा त्यांच्या गावच्या उपकेंद्रात जातात. तिथल्या ताई साखर पाहतात, पाय उलटसुलट करून बघतात आणि पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगतात. मागच्या खेपेला आजींनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि पडद्यासमोर पाऊल उचलून धरले. "ते असं दिसायचं नाही आजी," ताई म्हणाल्या, "मी बघते आणि त्यांना सांगते. तुम्ही बसा."

(पुढील आठवड्यात: मधुमेही व्यक्तींनी पायांची निगा कशी राखावी?)